तिसरी घागर

छतवाल्या आत्यांनी आयुष्यात कधी "यंदा ऊन फारच आहे बाई" असं म्हटलं नाही. पांढुर्ण्यात वैशाखात हे वाक्य दिवसातून एकदा तरी न म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे ते राम राम घातल्यासारखं म्हणतात. दुपारी दारं-खिडक्या लावून अख्खं गाव कूलरसमोर आडवं झालेलं असायचं, आणि उन्हं जरा कलायला लागली की आत्या डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून रसवंतीकडे निघालेल्या दिसायच्या. एकट्याच. बाकड्यावर ऐसपैस बसून "आलं जास्त, बर्फ कमी" असा हुकूम सोडायच्या आणि दुसरा ग्लास मागायलाही लाजायच्या नाहीत. चाळिशी उलटलेली एकटी बाई भर बाजारात बसून रस पिते म्हणजे काय, अशा नजरेनं लोक बघायचे. कुणी विचारलंच, "आत्या, इतक्या उन्हात?" तर उत्तर ठरलेलं असायचं. "ऊन आपल्याच घरचं हाय वं. घरच्या मानसाले कोन भेते?"

त्यांचं खरं नाव शकुंतला; आत्या त्या सगळ्या गल्लीच्या. बिजली ऑफिसात त्या बाबू होत्या आणि आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात राहायच्या. घर लहानसं, पण त्यावरचं छत मोकळं आणि जिना बाहेरून. आईवडील त्याच घरात गेले. थोरला भाऊ सौंसरला मास्तर होता. लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही याच्या गल्लीत जितकी तोंडं तितक्या कथा होत्या. आत्यांची स्वतःची कथा वेगळीच. "मले पाह्यले येत ते उन्हाळ्यातच येत. उन्हाळ्यात माहे हात कोपरापर्यंत आंब्यानं भरलेले राहत. तशीच पाहुन्यांसमोर जाऊन बसो मी. आता अशा हाताची पोरगी कोनाले पसंत पडते?" लहानपणी मला हे खरं वाटायचं. पुढे आईनं सांगितलं की वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आत्यांनी स्वतःच एक चांगलं स्थळ परत पाठवलं होतं, आणि त्यानंतर कुणी विचारलं नाही. पण ही गोष्ट सांगून लोकांची कीव गोळा करण्यापेक्षा आंब्याची गोष्ट सांगून त्यांना हसवणं आत्यांना बरं वाटत असावं.

उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट गेली की सगळी गल्ली त्यांच्या दाराकडे बघायची, जशी काही वायर त्यांनीच तोडली. "आत्या, तुमची लाइट गेली!" कुणीतरी ओरडायचं. "गेली तं गेली. वर या!" वरून उत्तर यायचं. मग आम्ही सगळे जिना चढायचो. नळ एक दिवसाआड यायचा, तरी तांदूळ-भाजी धुतलेलं, आंघोळीचं असं साठवलेलं पाणी बादलीत घेऊन आत्यांनी छत शिंपून ठेवलेलं असायचं. तापलेल्या फरशीवरून वाफ निघून गेली की खाटा पडायच्या. कोपऱ्यात वाळा घातलेला माठ आणि पातेलंभर कैरीचं पन्हं. गल्लीतल्या सुना तिथं पाय पसरून पडायच्या. पाय पसरायला मिळेल अशी त्यांची गावात दुसरी जागा नव्हती. छताचा कायदा एकच होता. वर दोन विषय काढायचे नाहीत, एक उकाडा आणि दुसरी सासू. "सासू चपलेसंगं खाली ठेवून या," असं आत्या जिन्यातच बजावायच्या. खालून आमचे बाबा विचारायचे, "जेवनाचं काय आज?" तर आत्या कठड्यावरून वाकून सांगायच्या, "चुलीवरच्या गंजात भात असन भाऊ. घ्या वाढून, हात झडत नाई." बाबा कुरकुरत घ्यायचे वाढून.

पावसाळ्याशी मात्र त्यांचं बरं नव्हतं. छत बंद व्हायचं, खाटा भिंतीला लागायच्या, आणि आत्या चार महिने तोंड पाडून ऑफिसला जायच्या. त्याची भरपाई त्या थंडीत करायच्या. सुट्टीच्या दिवशी जेवण आटोपलं की छतावर सतरंजी, पाठीवर ऊन आणि मध्ये संत्र्यांची टोपली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री येतात आणि थंडी सरताना मृगाची. "आंबियाचं संत्रं घाईचं, मृगाचं सबुरीचं," असं त्या म्हणायच्या, आणि दोन्ही तितक्याच आवडीनं खायच्या. एकदा गल्लीतली एक नवी सून चार संत्री पदरात बांधून न्यायला लागली तर तिला हाताला धरून खाली बसवलं. "इथं बसून खाय. घरी नेलं की एक लेकराचं होते, एक सासऱ्याचं होते, एक नवऱ्याचं. तुह्या हाताले सालटच लागते." ती बिचारी खाली मान घालून खात राहिली आणि खाता खाता रडायला लागली. आत्यांनी आणखी एक सोलून तिच्या पुढे ठेवलं.

थंडी संपायच्या आत आत्या गल्लीतल्या बायकांना टेम्पोत घालून जामसांवलीला न्यायच्या. हनुमानाचं दर्शन तर होतंच, पण खरा कार्यक्रम दर्शनानंतर झाडाखाली व्हायचा. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, झणझणीत वांग्याची भाजी आणि रोडगा फोडून त्यात ओतलेलं तूप. त्या वर्षी मी कॉलेजात होते, आईबरोबर गेले होते. आत्या साडीचा ओचा खोचून, मांडी घालून कणीक मळत होत्या आणि ऑफिसातल्या एका साहेबाची नक्कल करत होत्या. सगळ्याजणी हसून हसून लोळायच्या बेतात आल्या होत्या. तेवढ्यात सौंसरचे काका, म्हणजे आत्यांचे भाऊ, दर्शनाला म्हणून आले ते समोर उभे. सौंसर तिथून जवळच. त्यांनी बहिणीला जरा बाजूला नेलं. पण मास्तरांचा आवाज, बाजूला नेऊन काय उपयोग? सगळं ऐकू आलं.

"शकू, वय काय झालं तुहं? चारचौघात दात काढून राहिली. आज हसून घेशीन. उद्या मेल्यावर अखजीले तुही घागर कोन भरीन, याचा विचार केला का कधी?"

या बोलण्याचं वजन बाहेरच्या माणसाला एकदम कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अखजीला, घरोघरी कोऱ्या घागरी येतात. गेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांत पाणी भरायचं, वर आंबा ठेवायचा, पितरांना जेवू घालायचं. तोवर घरात कुणी आंब्याला तोंड लावायचं नाही. भर वैशाखात पितर तहानेले होऊन दाराशी येतात आणि त्यांची तहान मुलानं भागवायची, असं आम्ही जन्मापासून ऐकत आलो. ज्याच्यामागे मुलगा नाही त्याला कोण पाणी देणार? उन्हाळा आपल्या घरचा म्हणणाऱ्या बाईला तिच्या भावानं चारचौघींत सांगितलं होतं की मेल्यावर प्रत्येक उन्हाळ्यात तू तहानेली फिरशील.

कणकेत बुडालेले सगळे हात थांबले. आत्या काहीतरी सणसणीत बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी विस्तवातून काढलेला एक रोडगा फोडला, तूप घातलं, पानावर ठेवून भावाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खाऊन जाय." परतताना टेम्पोत सगळ्या गाणी म्हणत होत्या. आत्या बाहेर बघत बसल्या होत्या. शब्द त्यांना लागला होता. त्या दिवशी मला सौंसरच्या काकांचा फार राग आला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं पुरला.

दोन-तीन उन्हाळे गेले. या काळात माझं लग्न झालं आणि पहिल्या अखजीला मी माहेरी आले. सकाळी कुंभारीण हातगाडी घेऊन गल्लीत आली. मी आत्यांच्याच ओट्यावर बसले होते. आपल्या आईची एक आणि वडिलांची एक अशा दोन घागरी आत्या दरवर्षी घ्यायच्या. त्यांचा भाऊ सौंसरला भरायचाच, तरी या इथं भरायच्या. लेकीनं भरायची नसते असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "मायबाप माहे बी हायेत. दोन जागी पानी भेटलं तं काय दुखते त्यांचं?"

कुंभारणीनं दोन घागरी वाजवून उतरवल्या. आत्या म्हणाल्या, "तीन दे."

"तिसरी कोनाची वं बाई? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. माही हाय."

कुंभारीण घागर हातात धरून उभीच राहिली. "असं बोलू नोको वं, बाई. सनावाराचं." आत्यांनी घागर तिच्या हातातून घेतली, बोटानं वाजवून पाहिली आणि आत नेली.

बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? दुपारी पूजेच्या वेळी आत्यांच्या दारात आई, समोरची, शेजारची, सगळ्या हजर. पाटावर गहू पसरून त्यावर तीन घागरी मांडल्या होत्या. वाळा घातलेला, गळ्याला धागा, तोंडावर आंबा. आत्यांनी वडिलांचं नाव घेऊन पाणी घातलं. आईचं नाव घेऊन घातलं. मग त्याच आवाजात, काही वेगळं घडतंय असं न दाखवता, म्हणाल्या, "शकुंतला." आणि तिसऱ्या घागरीत पाणी घातलं.

आईनं माझा हात घट्ट धरला. "आत्या, जित्त्या मानसाची घागर भरत नाईत. अशुभ राहते थे."

"मेल्यावर मले तहान लागीन का नाई, कोनाले ठाऊक?" आत्या म्हणाल्या. "आज तं लागलीच हाय."

त्यांनी तिसऱ्या घागरीतून तांब्या भरला आणि मान मागे टाकून घटाघट संपवला. मग घागरीवरचा आंबा उचलला, देठाकडून चावून चीक थुंकला आणि चोखायला लागल्या. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. आंबा संपल्यावर कोय ताटात ठेवून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "कोनी भरीन म्हून मी वाट पाह्यत कायले बसू? माहं पानी मी पेते." मला भीती वाटत होती आणि टाळ्या वाजवाव्याशाही वाटत होत्या. सासरहून नुकतीच आलेली होते, म्हणून दोन्ही केलं नाही.

त्या वर्षी गल्ली आत्या कधी मरतात याची वाट बघत होती. वाईट वाटतं, पण खरं आहे. त्यांना साधी शिंक आली तरी समोरच्या ओसरीत कुजबुज व्हायची. आई फोनवर मला त्यांच्या तब्येतीचं सांगायची ते काळजीनं की उत्सुकतेनं, मला कळायचं नाही. आत्यांना हे सगळं माहीत होतं. रसवंतीवर कुणी "कशा आहात?" विचारलं तर म्हणायच्या, "अजून हाय. तुमची लय पंचाईत करून राहिली मी." वर्ष निघालं. दुसऱ्या अखजीला त्यांनी पुन्हा तीन घागरी घेतल्या आणि पहिल्यापेक्षा मोठा आंबा ठेवला. तिसऱ्या वर्षी गल्लीचा उत्साह ओसरला. ती घागर त्या वाया जाऊ द्यायच्या नाहीत. छतावर ठेवायच्या आणि उन्हाळाभर तिचंच पाणी वर येणाऱ्याला द्यायच्या. "मेलेल्याच्या नावाचं पानी" म्हणून आई पहिल्या वर्षी घरून बाटली घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी बाटली विसरली. त्यानंतर म्हणायला लागली की काही म्हणा, पाणी मात्र गार असतं.

सौंसरपर्यंत बातमी गेलीच होती. काका मुलाला घेऊन आले. दिनेश तेव्हा कॉलेजात जायचा. तो खुर्चीवर बसून मोबाइलमध्ये बघत होता आणि त्याच्या आयुष्याचा निकाल त्याच्या डोक्यावर लागत होता. मी तेव्हा माहेरी होते, पन्ह्याचे ग्लास द्यायला मलाच हाक मारली होती, म्हणून हे समोर घडलेलं सांगते.

"हे घर बंद कर, सौंसरले चाल," काका म्हणाले. "दिनेशले दत्तक घे. तो तुहं सगळं करीन. मांगून पानी देईन."

"भाऊ, पान्यासाठी पोरगं घेऊ? मंग माठ काय वाईट हाय?"

दिनेशला हसू फुटलं. काकांनी डोळे वटारले तसं त्यानं ते गिळलं.

"मजाक नोको करू शकू. लोक काय म्हनून राहिले, तुले मालूम हाय? जित्तेपनी सोताची घागर भरते म्हने! मी मोठा भाऊ हाओ तुहा. मले काळजी वाटत नसन का?"

"वाटू दे ना. पन तू माही मेल्यावरची काळजी करून राहिला. जित्तेपनीची कर. वर चाल, हवा सुटली हाय. आंबा खाय एक."

"मले शुगर हाय," काका म्हणाले आणि उठले.

काका वाईट नव्हते. हे कबूल करायला मला वेळ लागला, पण नव्हते. आयुष्यभर त्यांनी सगळं नेमानं केलं होतं. वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, मुलाला शिक्षण, पितरांना पाणी. बहीण या नेमाबाहेर राहिली तर तिचं पुढे काय होणार, याची त्यांना खरोखर धास्ती होती. फक्त त्या धास्तीवर त्यांच्याकडे असलेला एकच उपाय असा होता की बहिणीनं आपलं छत सोडावं, आणि आत्यांना तेवढंच सोडायचं नव्हतं.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा गावात फटाके फुटले. आत्या म्हणाल्या, "झाला तं चांगलंच झालं. ऊन तेवढंच राहू द्या म्हना." त्यापुढच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली, तोंड जरा वाकडं झालं, बोलणं मात्र वाचलं. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद, खालच्या खोलीत थंडाव्यात ठेवा. काकांनी सौंसरहून माणूस पाठवून एसी लावून दिला. एव्हाना गल्लीतही बहुतेक घरांत एसी आले होते. संध्याकाळी दारं लागायची आणि ज्यांनी आत्यांच्या छतावर पाय पसरले त्या सुना आता आपापल्या खोलीत गुडघ्यांना तेल चोळत बसायच्या. मी आत्यांना भेटायला गेले तर खिडक्यांना जाड पडदे, बाहेर दिवस आहे की संध्याकाळ ते कळेना. गळ्यापर्यंत चादर. आईला त्या म्हणाल्या, "मुडद्यावानी बर्फात ठेवलं वं मले. वर न्या."

आई म्हणाली, "डॉक्टर नाई म्हनतात."

"डॉक्टर त्याच्या घरी झोपते. तू मले वर ने."

आई बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती समोरचीला, शेजारचीला आणि त्या संत्री खाता खाता रडलेल्या सुनेला घेऊन आली. ती सूनही आता सासू झाली होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत आत्यांना बसवलं, साडीनं बांधलं आणि आम्ही उचललं. जिना अरुंद, सगळ्यांचे गुडघे बोलायला लागलेले, आणि वरून आत्या ओरडताहेत, "नीट धरा वं! कापसाचं बोचकं नाई हाय मी!" हसण्यानं आमचे हात सैल व्हायला लागले. दोनदा खुर्ची पायरीवर टेकवावी लागली. वर गेलो तेव्हा सूर्य बुडत होता. कुणीतरी छत शिंपलं. आत्यांनी आम्हाला सांगून स्वतःला खाली फरशीवर बसवून घेतलं आणि चांगला उजवा हात ओल्या फरशीवर पसरून ठेवला.

नेमके त्याच वेळी काका भेटायला आले. खालची खोली रिकामी बघून अंगणातून ओरडायला लागले. "खाली आना तिले! मारता का तिले तुमी बाया?"

माझ्या आईनं जन्मात परक्या पुरुषाशी आवाज चढवून बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ती कठड्यापाशी गेली, पदर खोचला आणि वाकून म्हणाली, "त्या खाली येत नाई म्हनतात, काका. तुमी वर या."

काका बराच वेळ अंगणात उभे होते. मग जिन्यावर त्यांची काठी वाजली. वर आले, धापा टाकत खाटेच्या काठावर बसले. आत्यांनी वाकड्या तोंडानं म्हटलं, "हवा पाह्य भाऊ." वारा सुटला होता, लांबून गाडी गेल्याचा आवाज आला, दिवे लागले. ते बसून राहिले. जाताना त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला फक्त एवढं म्हणाले की उतरवताना सांभाळून उतरवा. तो सगळा उन्हाळा आम्ही, म्हणजे मी असेन तेव्हा मी आणि एरवी त्या चौघीजणी, आत्यांना रोज वर नेत होतो. अखजीला तिसरी घागर आईनं भरली. नाव मात्र आत्यांनी स्वतःच घेतलं.

माघात त्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी मी जाऊन आले होते. मृगाची संत्री बाजारात नुकतीच आली होती, ती घेऊन गेले. एकेक फोड त्यांच्या तोंडात घालत होते, त्या डोळे मिटून चघळत होत्या. माझे डोळे भरून आले ते त्यांनी न बघताच ओळखलं. "माही कीव नोको करू पोरी. माहं सगळं खाऊन झालं हाय. कोनाचं उष्टं नाई, न कोनाची मेहरबानी नाई." मी जिन्यात जाऊन रडून घेतलं. त्या बाईवर माझं किती प्रेम होतं हे मला तिथं कळलं. अग्नी दिनेशनं दिला. तो पुण्याहून आला होता, तेरावं झालं की परत गेला. घराला काकांनी कुलूप लावलं.

आमच्याकडे वर्ष झाल्याशिवाय गेलेल्याची घागर भरत नाहीत. त्यामुळे मधली अखजी तशीच गेली. यंदाच्या अखजीला सकाळी मी नागपुरात माझ्या स्वयंपाकघरात आमरसासाठी आंबे पिळत होते आणि फोन वाजला. सौंसरचे काका. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता.

"संगीता, शकूची घागर भरून राहिलो," ते म्हणाले. आवाज फार म्हातारा झाला होता. "दिनेशले सुट्टी नाई भेटली, म्हून मीच बसलो पाटावर. तिले कोनता आंबा आवडे वं? मले काई याद येत नाई."

माझ्या हातांना रस लागला होता, फोन खांद्यात धरला होता. जुना राग भसकन वर आला. बहिणीच्या पाण्याची जन्मभर काळजी करणाऱ्या माणसाला तिचा आंबा ठाऊक नसावा! मी सांगू शकले असते. गावरान, चोखायचा, जरा आंबट. पण मी म्हटलं, "काका, आत्यांची घागर भरू नका."

"काऊन?"

"त्या पिऊन गेल्या. पोटभर पिऊन गेल्या. त्यांना तहान नाई."

"असं कसं बोलते वं? मी पाटावर बसलो हाओ."

"बसलाच आहात तं तुमची भरा."

"माही?" काका म्हणाले. "पोरी, मी जित्ता हाओ अजून."

"म्हूनच म्हनते, काका."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मास्तरांना असं कुणी बोललं नसेल. मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग त्यांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण आवाज लांबून आला, काकूंना हाक मारत असलेला.

"अवं, ते कुंभारीन गेली का पाह्य जरा. आनखी एक घागर लागते."